पिवळा ठिपका, जांभळा ठिपका

मासळी पॅक करणाऱ्या त्या कारखान्यात वासाबद्दल कुणी तक्रार करत नसे. तक्रार करून सांगणार तरी काय? माशांचा वास येतोय म्हणून?

धाकटी तिथे तपासणीला होती. अंगात पांढरा कोट, केसांवर जाळी, पायांत रबरी बूट आणि हातात तापमापक, अशा थाटात ती दिवसभर ट्रेमागून ट्रे बघत असे. कारखान्यात तिला तपासणीबाई म्हणत. धाकटी ती घरी. घर दोन मजल्यांचं होतं. खाली तिची मोठी बहीण आणि भाऊजी राहत, वरच्या खोलीत ती एकटी. स्वयंपाक खालीच होई. भाऊजी त्याच कारखान्याचा थंड ट्रक चालवत, आणि या नोकरीची बातमी तिला त्यांनीच आणून दिली होती. तिचा स्वभाव सरळ होता, इतका की जवळच्या माणसांना कधीकधी त्याचा त्रास होई. पाहुण्यांनी स्वतः केलेला पदार्थ पुढे करून ‘कसा झालाय?’ विचारलं, तर ती कसा झालाय ते सांगत असे.

कारखान्यात ठिपका आला तो एका सकाळी, कॅन्टीनमध्ये. तो घेऊन आलेला माणूस किडकिडीत होता आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलत होता. त्याचं नाव त्याने सांगितलं, पण पुढे सगळे त्याला ठिपकेवालाच म्हणू लागले. पॅकिंगच्या पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूला त्याने मसुराएवढा पिवळा ठिपका चिकटवून दाखवला.

“यात नॅनो कण आहेत,” तो म्हणाला.

“नॅनो म्हणजे किती बारीक?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“तुमच्या एका केसाच्या जाडीत हजारभर कण शेजारी शेजारी बसतील, साहेब.”

साहेबांच्या डोक्यावर केस बेताचेच होते. ते म्हणाले, “पुढे बोला.”

“मासा बिघडायला लागला की त्यातून वायू सुटतो. आपल्या नाकाला कळायच्या कितीतरी आधी तो या कणांना कळतो. माल ताजा असेल तर ठिपका पिवळा. बिघडायला लागला की जांभळा. गिऱ्हाइकाला तारीख शोधायला नको, वास घ्यायला नको.”

“आणि ठिपका चुकला तर?” धाकटीने विचारलं.

आपल्या आईबद्दल कुणी वाकडं बोलावं तसं ठिपकेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. “ठिपका चुकत नाही, मॅडम.”

साहेबांना ठिपक्यापेक्षा ‘नॅनो’ हा शब्द जास्त आवडला. महिन्याभरात खोक्यांवर तो माशाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापून आला. दुकानदार खूश झाले. माल फिरतो, ठिपके पिवळे राहतात, कुणाची कटकट नाही. मग एक दिवस लांबच्या गावातल्या दुकानातून फोन आला. सगळे ठिपके जांभळे.

परत आलेला माल धाकटीने स्वतः उघडला. मासा बोटाने दाबला, तर खळगा लगेच भरून आला. वास घेतला, ताज्या माशाला असतो तेवढाच. प्रयोगशाळेत तुकडे पाठवले, तिथूनही माल चांगला असल्याचं कळलं. तिने ठिपकेवाल्याला फोन केला.

“मासा आज चांगला असेल, मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला. “ठिपका उद्याचं सांगतोय.”

तिने तो मासा दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवला आणि पुन्हा तपासला. चांगला होता. पुन्हा फोन केला.

“मग परवाचं सांगत असेल,” ठिपकेवाला म्हणाला.

पुढच्या खेपेला तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. बाकीच्या सगळ्या गावांना पिवळे ठिपके पोचत, या एकाच गावाला जांभळे. त्या रस्त्याला एकच ट्रक जाई, आणि तो भाऊजी चालवत.

साहेबांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. “बाई, लांबच्या रस्त्यावर थंडीचं मशीन बंद ठेवून डिझेल वाचवणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. पोचायच्या आधी पुन्हा चालू करायचं, म्हणजे उतरवताना माल गार लागतो. माशाला कळत नाही. ठिपक्याला कळतं.”

“भाऊजी तसं करणार नाहीत.”

“मी कुठे म्हणालो करतात? मी म्हणालो, पाहिले आहेत.”

तेव्हा ती म्हणाली, की पुढच्या खेपेला मीच ट्रकमधून जाते.

निघायच्या पहाटे शीतगृहात उभं राहून तिने वरच्या खोक्यांवरचे ठिपके पाहिले. पिवळे दिसले. शीतगृहातले दिवेही पिवळेच होते आणि त्यांच्या उजेडात तिचा पांढरा कोटही पिवळा दिसत होता, पण त्या वेळी तिच्या मनात तसलं काही आलं नाही. ती केबिनमध्ये चढून बसली. मागच्या थंड पेटीचं तापमान दाखवणारा आकडा समोरच होता.

गाव मागे पडल्यावर भाऊजी म्हणाले, “पहारा द्यायला आलीस ना?”

“तापमान बघायला आले, भाऊजी.”

“तेच ते.” त्यांनी गिअर बदलला. “तुझ्या ताईने दोघांचा डबा दिलाय. म्हणजे तू येणार हे तिला माहीत होतं. साहेबांना माहीत होतं. ट्रकलाही माहीत असेल. मी आपला पहाटे कुलूप काढतोय, तर तू दारात.”

“सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असता.”

“आत्ता काय मी नाचतोय?”

पण रागावून राहणं त्यांना जमत नसे. थोड्या वेळाने ते रस्त्याकडेची झाडं दाखवू लागले, कुठल्या वळणावर कुणाचा ट्रक कलंडला होता ते सांगू लागले. चहाला थांबले तेव्हा मशीन चालूच ठेवलं आणि ते चालू असल्याचं तिला बोट दाखवून सांगितलं. समोरचा आकडा दोनच्या वर गेला नाही. दुपारी दोघं डबा जेवली. त्यानंतर रस्ता सपाट होता, ऊन अंगावर येत होतं, आणि धाकटीला जरा डुलकी लागली. जाग आली तेव्हा आकडा दोनच होता.

लांबच्या गावातल्या दुकानदाराने खोक्यांवरचं प्लास्टिक फाडलं. ठिपके एका ओळीत जांभळे होते.

“रंग छान आहे,” दुकानदार म्हणाला. “माल परत न्या.”

येताना भाऊजींनी झाडं दाखवली नाहीत. घराजवळ आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मी काही केलं नाही, हे तू पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

“मग तसं सांगशील?”

“सांगेन.”

तिने सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “वाटेत तुमची नजर कधीच हलली नाही?”

“जेवणानंतर जरा डुलकी लागली होती,” धाकटी म्हणाली.

साहेबांनी खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहिलं. “बाई, मेहुणी साक्षीदार, आणि तीही झोपलेली. मी वर काय सांगू?”

भाऊजींना घरी बसवलं. त्या रस्त्याला भाड्याचा ट्रक लावला. त्याच्या ड्रायव्हरला पहाटे उठायचा कंटाळा होता, म्हणून तो आदल्या संध्याकाळीच यायचा, पॅकिंग संपतंय तोवर माल भरून निघून जायचा. पहिल्या खेपेला लांबच्या गावात सगळे ठिपके पिवळे पोचले. दुसऱ्या खेपेलाही. साहेब धाकटीला काही बोलले नाहीत. जाता-येता मान मात्र हलवत, नातेवाईकांचं दुःख वाटून घ्यावं तशी.

घरी ताईने तिचं ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

“डुलकीचं सांगायची काय गरज होती?” तिने ओट्याकडे तोंड करून विचारलं.

“खरं होतं.”

“खरं तर खूप काही असतं. सगळं सांगतेस का?”

“विचारलं तर सांगते.”

ताईने त्यावर बोलणं बंद केलं. ताईला राग आला की ती भांडत नसे, घासत असे. पहिल्या दिवशी तिने भांडी घासली, दुसऱ्या दिवशी फरशी. भाऊजी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन पाय उचलून बसत होते. शेजारच्यांनी ‘आज घरी कसे?’ विचारलं की ‘रजा आहे’ म्हणत. सुट्टीच्या दिवशी धाकटी कामाची पिशवी घेऊन खाली उतरली, तेव्हा ताईचा राग जिन्याच्या खिडकीपर्यंत पोचला होता. बाटलीतलं औषध फडक्यावर ओतून ती काच पुसत होती. काच पुसून झाली होती, तरी पुसत होती.

धाकटी पायरीवर बसली. काहीतरी बोलायला हवं होतं आणि रिकामे हात घेऊन ते सुचत नव्हतं, म्हणून तिने पिशवीतली ठिपक्यांची पट्टी बाहेर काढली. नवीन गठ्ठ्यातली एक पट्टी ती नमुना म्हणून नेहमी जवळ ठेवी. खिडकीच्या कट्ट्यावर, ताईच्या ओल्या फडक्याशेजारी ती ठेवली.

“ताई, मला माहितीये तू रागावली आहेस.”

“मी काच पुसतेय.”

“साहेबांशी मी पुन्हा बोलेन.”

“बोल. या वेळी जागी राहून बोल.”

यावर काय म्हणावं म्हणून धाकटीने नजर खाली घेतली, तर पट्टीवरचा पहिला ठिपका तिच्या डोळ्यांदेखत कडेने काळपट झाला, मग जांभळा. मग त्याच्या शेजारचा.

“ताई, त्या बाटलीत काय आहे?”

“काच पुसायचं औषध. का? तपासायचंय?”

“हो,” धाकटी म्हणाली आणि बाटली तिच्या हातातून घेतली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत त्यात काय काय घातलंय ते छापलेलं होतं. पाण्याच्या खालोखाल अमोनिया.

बिघडलेल्या माशाचा वायू आणि अमोनिया एकाच घराण्यातले, हे तिने कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि मग विसरून गेली होती. कारखान्यातलं शीतगृह अमोनियावरच थंड होत असे. तो भिंतींमागून, छताखालून पाइपांतून फिरत होता, हे तिथल्या झाडूवालीलाही माहीत होतं. आणि भाऊजी पहाटे निघत, म्हणून त्यांचा माल आदल्या संध्याकाळी पॅक होऊन रात्रभर शीतगृहाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात पडून असे. बाकीच्यांचा माल पॅकिंगवरून थेट ट्रकमध्ये चढे. भाड्याचा ट्रकही तसाच भरला जाई. आणि निघताना पाहिलेले पिवळे ठिपके तिने पिवळ्या दिव्यांखालीच पाहिले होते. यातली एकेक गोष्ट तिला ठाऊक होती. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहायचं मात्र राहून गेलं होतं. फिल्म मुद्दाम श्वास घेणारी बनवलेली, आतली हवा बाहेर जावी म्हणून. बाहेरची आत यायला तिला कोण अडवणार?

“काय झालं?” ताईने विचारलं. धाकटीचा चेहरा बघून ती पुसायची थांबली होती.

“ताई, भाऊजींनी काही केलेलं नाही.”

“हे मला तू सांगतेस?” ताई म्हणाली आणि फडकं बादलीत आपटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीने रिकाम्या ट्रेंवर फिल्म चढवून घेतली. आत मासा नाही, काही नाही, नुसते ठिपके. एक ट्रे शीतगृहाच्या दाराशी, एक मधल्या पंख्याखाली, एक आतल्या कोपऱ्यात. कोपऱ्यातली खोकी उचलणारा फोर्कलिफ्टवाला तिच्याकडे बघत होता. त्याला सगळे रडव्या म्हणत. त्या कोपऱ्यात गेला की त्याचे डोळे भरून येत. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, त्यामुळे कारण शोधायला कुणी फार लांब गेलं नव्हतं, आणि हळूहळू त्याचीही तशी समजूत झाली होती.

“इथेच रडू येतं का तुला?” धाकटीने विचारलं.

“इथेच जास्त येतं,” तो डोळे पुसत म्हणाला. “इथे एकटं वाटतं.”

“बाहेर?”

त्याने विचार केला. “बाहेर बरं वाटतं.”

सकाळी ती तिन्ही ट्रे अंगणात, उन्हात घेऊन आली. दाराशी ठेवलेला पिवळा. पंख्याखालचा पिवळाच. कोपऱ्यातला गर्द जांभळा. ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि ट्रे त्यांच्या टेबलावर मांडले.

साहेबांनी जांभळा ट्रे उचलला, उलटा केला, हलवून पाहिला. “यात मासा कुठाय?”

“नाहीये.”

“मग बिघडलं काय?”

“हवा.”

साहेबांनी ठिपकेवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. “अहो, तुमचा ठिपका रिकाम्या ट्रेमध्ये जांभळा होतोय! याला काय म्हणायचं?”

पलीकडून तोच हळू आवाज आला. “साहेब, ठिपका चुकत नाही.”

“साहेब, कोपऱ्यात अमोनिया गळतोय,” धाकटी म्हणाली. “अजून थोडा आहे, पण गळतोय. आत माणसं काम करतात. सगळ्यांना बाहेर काढा आणि शीतगृह बंद करा.”

“बंद? आज?” साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे ट्रक लागले होते. “आजचं भरून होऊ दे. संध्याकाळी मेकॅनिकला बोलावतो. इतके दिवस काही झालं नाही, तर आणखी एका दिवसाने काय होणार?”

धाकटीने जांभळा ट्रे उचलला आणि बाहेर पडली. साहेबांना वाटलं, तिला पटलं. शीतगृहाच्या दाराशेजारी धोक्याच्या भोंग्याचं लाल बटण होतं. ते कुणी कधी दाबलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर कुणीतरी आपली टोपी अडकवून ठेवली होती. तिने टोपी काढली, स्टुलावर नीट ठेवली आणि बटण दाबलं.

भोंगा वाजल्यावर पहिल्यांदा कुणीच हललं नाही, कारण तो असा वाजतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. “बाहेर व्हा!” धाकटी ओरडली. “हातातलं टाका आणि बाहेर व्हा!” ती आवाज चढवून बोलतेय, हे भोंग्यापेक्षा नवं होतं. सगळे हातमोज्यांसकट अंगणात येऊन उभे राहिले. रडव्या सगळ्यांत शेवटी आला, फोर्कलिफ्ट नीट उभी करून.

दुरुस्तीची माणसं तोंडावर मुखवटे चढवून आत गेली. कोपऱ्यातल्या भिंतीवरचा पत्रा काढला, तर मागचा व्हॉल्व्ह गंजून त्याच्या बोल्टला चीर गेलेली. पान्याचा हलकासा धक्का लागला तेवढ्यात बोल्ट तुटला आणि पांढरा फवारा सुटला. आतली दोघं सरपटत दारापर्यंत आली. पाइपचा पुरवठा बाहेरून तोडला, तरी फवारा आवरायला वेळ लागला. तोवर तो झणका अंगणातही पोचला, सगळ्यांना खोकले लागले, आणि वारा ज्या बाजूचा होता त्या बाजूला माणसं पळाली. कुणाला काही झालं नाही. दुरुस्तीवाल्यांचा म्हातारा मुकादम मुखवटा काढून पायरीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं.

“हा आपोआप तुटला असता तर?” साहेबांनी विचारलं.

“आत माणसं असताना?”

“हो.”

मुकादम पाणी प्यायला. “मग तुम्ही मला हे विचारायला इथे नसता. वकिलाकडे असता.”

साहेब धाकटीजवळ आले. त्यांच्या हातात अजून फोन होता. “बाई, बटण दाबायच्या आधी मला विचारायला हवं होतं.”

“विचारलं होतं, साहेब.”

“हो, पण उत्तर ऐकून घ्यायला हवं होतं.”

“ऐकून घेतलं होतं.”

साहेब फोन खिशात घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी शीतगृह बंद असतानाच त्यांनी भाऊजींना बोलावून घेतलं. भाऊजींनी घरी येऊन जे सांगितलं त्यावरून असं दिसलं, की साहेबांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली, प्रकृतीची चौकशी केली, हवेबद्दल बोलले आणि शेवटी म्हणाले, “मग येताय ना कामावर?” माफीचा शब्द त्यात नव्हता, पण बिस्किटं क्रीमची होती. ठिपकेवाला एका खेपेला मोठं खोकं घेऊन आला आणि शीतगृहाच्या भिंतींवर ठिपके लावून गेला, आता ते तिथेही विकता येतील म्हणून. आनंदात असूनही तो तेवढ्याच हळू बोलत होता. रडव्याचे डोळे कोरडे झाले. याचं त्याला थोडं वाईट वाटलं, असं लोक म्हणत.

भाऊजी कामावर रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी ताई जिना चढून वर आली. वर ती सहसा येत नसे, गुडघे दुखत. दारातच, वरच्या पायरीवर बसली. धाकटी तिच्याशेजारी बसली.

“खरं सांग,” ताई म्हणाली. “तू त्यांच्यावर संशय घेतला होतास?”

धाकटीने थोडा विचार केला. “घेतला होता. डुलकीपुरता.”

ताई हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “मीही घेतला होता. तू ट्रकमधून जायच्या आधीच. एकदा जेवताना विचारलंसुद्धा, चुकून कधी मशीन बंद राहतं का हो? ते पान तसंच टाकून उठले. आणि राग काढला मी तुझ्यावर.”

“काचेवर काढलास,” धाकटी म्हणाली. “ते बरं झालं.”

“इतकी वर्षं संसार केला, आणि एका ठिपक्याने...” ताईने वाक्य सोडून दिलं.

“ठिपका खरंच बोलत होता, ताई. आपण त्याला भलतंच विचारत होतो.”

खालच्या दाराची कडी वाजली. भाऊजी जिन्याच्या पायथ्याशी उभे होते, हातात तीन कप घेऊन. चहा ते कधी करत नसत. तो कसा झाला असेल हे वरूनच दिसत होतं.

“या जिन्यात आवाज घुमतो,” ते म्हणाले. “खाली सगळं ऐकू येतं.”

ताईने तोंडावर हात ठेवला. भाऊजी एकेक पायरी जपून चढत वर आले, कप दोघींच्या हातांत दिले आणि दोन पायऱ्या खाली भिंतीला टेकून बसले.

“मीही घेतला होता,” ते म्हणाले.

“काय?”

“संशय. माझ्यावर. त्या रस्त्यावरच्या घाटात वळण घेताना माझा कोपर बटणांच्या बाजूला जातो. मला वाटायला लागलं, तिथेच धक्का लागून मशीन बंद होत असणार आणि मला कळत नसणार. परतीला एकदा मुद्दाम कोपर लावून पाहिला. नाही होत बंद. तरी पटेना.” त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “तू विचारलंस ना जेवताना, तेव्हा मी म्हणूनच उठलो. तुला काय सांगू, मलाच माहीत नव्हतं.”

तिघं चहा पीत बसली.

“कसा झालाय?” भाऊजींनी धाकटीला विचारलं.

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने आणखी एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

“साखर विसरलात,” ती म्हणाली, “आणि चहाची पावडर दोनदा घातलीत.”

“म्हणजे तसा बरा झालाय,” भाऊजी म्हणाले आणि पहाटे निघायचं म्हणून झोपायला खाली गेले.